कांताबाईंचं दुखणं

"लाथेनं हे असं होत नाही, आज्जी," डॉक्टर म्हणाल्या.

कांताबाई टेबलावरच्या फोटोकडे बघत राहिल्या. त्यांच्याच पोटाच्या आतला फोटो होता तो. लालभडक मांस, आणि मधे कडा सुजलेला पांढरट खड्डा. अर्ध्या तासापूर्वी हा फोटो काढायला घशातून बोटाएवढी काळी नळी आत गेली होती. ओकाऱ्यांनी सगळं अंग उचललं जात होतं, दोन नर्सांनी खांदे दाबून धरले होते, आणि कांताबाईंनी त्यातल्या एकीचं मनगट असं आवळलं होतं की तिथं नखं रुतून रक्त आलं. घसा अजून सोलल्यासारखा झोंबत होता. एवढं सोसून झाल्यावर ही पस्तिशीची पोरगी म्हणत होती, लाथेनं होत नाही.

"मग कशानं हुतंय?"

"जंतूनं. हेलिकोबॅक्टर म्हणतात. पोटाच्या अस्तरात घर करून राहतो. आपल्याकडं बहुतेकांना लहानपणीच होतो. पाण्यातनं, खरकट्यातनं, घरातल्याच माणसांकडनं. तुमच्या पोटात तो माहेरीच शिरला असेल. कित्येकांना जन्मभर कळतसुद्धा नाही, काहींना असा व्रण होतो."

"माहेरी?"

"हो. चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या. वय झालंय म्हणून आधी रक्त तपासून मूत्रपिंड कसं आहे ते बघू. मग बरं होतं हे. अगदी बरं."

कांताबाई उठून उभ्या राहिल्या. शेजारी बसलेल्या सुनेनं, प्रणितानं, त्यांचा दंड धरला. तो त्यांनी हिसडून सोडवला.

"म्हंजे त्येंनी काय केलंच न्हाय म्हणा की! माझ्या बापाच्या घरचाच दोष. चल गं, उठ. शिकलेली माणसं ही. ह्यांस्नी काय ठावं हाय?"

त्यांचा आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेली माणसं दाराकडे बघू लागली. प्रणितानं सासूचा असा आवाज पंधरा वर्षांत ऐकला नव्हता. लाथेची गोष्टही तिनं आजच पहिल्यांदा ऐकली होती. कधीपासून दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कांताबाईंनी सरळ सांगितलं होतं, "लाथ बसल्यापास्नं. एक्केचाळीस वर्सं झाली."

कोगनोळीच्या अलीकडे, हायवेपासून मैलभर आत मगदुमांचा मळा. आता तिथं ऊस आणि सोयाबीन असतं, पण तेव्हा सगळा तंबाखू होता. माघ महिना होता. कापलेला तंबाखू खळ्यावर वाळत पसरला होता आणि भरदुपारी अवकाळी शिंतोडे आले. बायका पानं गोळा करायला धावल्या. कांताबाईंना पाचवा महिना होता. चक्कर आली म्हणून त्या घटकाभर खाली बसल्या. नवरा, बाहुबली मगदूम, बांधावरून पळत आला. भिजणारा माल आणि बसलेली बायको त्याला एकदमच दिसली. वीस बायकांच्या देखत त्यानं लाथ घातली. पायताणासकट. पोटात.

त्यापुढचं कांताबाईंना काही आठवत नव्हतं. शुद्ध आली तेव्हा त्या निपाणीत एका बाळंतिणींच्या दवाखान्यात होत्या आणि पोट रिकामं होतं. काय झालं, कुठं गेलं, ते कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. घरी आल्यावर दोन महिन्यांनी छातीच्या खाली, बरोबर मधोमध, जळायला लागलं. उपाशीपोटी जास्त. मग ते थांबलंच नाही. त्या भाकरीचा तुकडा पदरात बांधून रानात जात, जळायला लागलं की चावत. ठेचा सुटला, चहा सुटला. प्रत्येक कळेसरशी त्यांना पायताण आठवे. नवऱ्याला कधी एक शब्द बोलल्या नाहीत, माहेरी सांगितलं नाही, पोरगा वृषभ तेव्हा दोन वर्षांचा होता, त्यालाही मोठेपणी सांगितलं नाही. दुखणं होतं तोवर सांगायची गरजही नव्हती. ते पोटात होतं आणि ते खरं होतं.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी नर्सला दार ओढून घ्यायला सांगितलं, आणि पुढचं बोलल्या ते अगदी घरच्या बोलीत. "लाथ खोटी हाय असं मी म्हटलं न्हाय. माझी आज्जी तिथं हुती."

"तुजी आज्जी?"

"कोंडाबाई. तुमच्या खळ्यावर कामाला येत हुती. मी तिची नात, सुनयना."

कांताबाई खाली बसल्या. कोंडाबाई त्यांना चांगली आठवत होती. काळीसावळी, उंच, कासोटा घातलेली. त्या माघानंतर ती कधी खळ्यावर दिसली नव्हती.

"तुमास्नी उचलून तिनंच गाडीत घातलं. तुमचं मालक, अण्णा, आडवं आलं, तर त्येंच्या हातचा आसूड तिनं पाठीवर घेतला. वळ शेवटपतोर हुता. मी बघितलाय." सुनयनांनी टेबलावरचा फोटो पालथा ठेवला. "रस्त्यातच झालं म्हणायची सगळं. पोरीला तिनं आपल्या पदरात गुंडाळलं, आनि वढ्याच्या काठाला..."

"पोरीला?"

सुनयनांनी प्रणिताकडे बघितलं, मग परत कांताबाईंकडे.

"तुमास्नी ठावं न्हवतं?"

कांताबाईंनी मान हलवली. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोळ्या कवा कवा घ्यायच्या? दिस मावळल्यावर मी पाणीबी घेत न्हाय."

"मग सकाळी सहाला आनि सांजच्याला सहाच्या आत. चालंल. तोंड कडू हुईल, जीभ काळी पडंल, संडासला काळी हुईल. तिला भिऊ नका, ती गोळीमुळं." सुनयना कागदावर लिहिता लिहिता थांबल्या. "घरातल्या बाकीच्यांचीबी तपासणी करून घ्या. अण्णांचं पोट कसं हाय?"

"जळतंय म्हणत्यात. सोडा पित्यात," प्रणिता म्हणाली. "गुडघ्यासाठी दुकानातनं आणलेल्या गोळ्या खात्यात. रोज दोन."

सुनयनांनी पेन खाली ठेवलं. "त्या गोळ्या बंद करायला सांगा. ह्या वयात, पोटात हा जंतू असला आनि वर त्या गोळ्या, म्हंजे कवा रक्त फुटंल सांगता येत न्हाय. आनि एक ध्यानात ठेवा. तुमची काळी झाली तर ती औषधानं. त्यांची झाली, डांबरासारखी, चिकट, घाण वासाची, तर ते रक्त. मग घटकाभरबी थांबायचं न्हाय. तडक आणायचं."

दोघी घरी आल्या तेव्हा बाहुबली अण्णा सोप्यात बसून पितळेच्या घागरीवर फडकं बांधत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, अजून ताठ, मनगट कुदळीच्या दांड्यासारखं. जैन रिवाजाप्रमाणं पाणी ते स्वतः गाळून घेत, दुसऱ्याच्या हातचं त्यांना चालत नसे. गाळून झालं की फडकं उलटं करून, त्यातले जीव मरू नयेत म्हणून, ते विहिरीच्या पाण्यात हळूच हलवून येत. त्याच हातानं त्यांनी बैलांची शेपटं पिरगळून मोडली होती, एका गड्याचे दोन दात पाडले होते, आणि कांताबाईंना किती वेळा मारलं होतं त्याला गणती नव्हती. मारायला कारण लागायचं नाही. भाकरी करपली, दाराची कडी उघडी राहिली, कुत्रं भुंकलं. वृषभ लहानपणापासून एक शिकला होता. आत आवाज चढला की बाहेर जायचं. आता तो त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि आत आवाज चढला की ट्रॅक्टर चालू करायचा.

पहिले सात दिवस नीट गेले. तोंडात गंजलेला खिळा धरल्यासारखी चव असायची. कांताबाई सकाळी सहाला गोळ्या घेत, संध्याकाळी देवापुढं दिवा लावायच्या आधी घेत. एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवशी टोचली होती. "त्ये जिवंत असत्यात का गं?" त्यांनी प्रणिताला विचारलं. "जंतू?"

"असत्यात, आत्या."

कांताबाईंनी हातातल्या गोळीकडे थोडा वेळ बघितलं. "एवढी वर्सं खाल्लं की मला," त्या म्हणाल्या आणि गोळी गिळली.

आठव्या दिवशी संध्याकाळी प्रणितानं धीर करून सासऱ्यांना सांगितलं, "मामंजी, तुमीबी एकदा दाखवून या. डॉक्टर वळखीच्या हाईत. तुमच्या खळ्यावर कोंडाबाई म्हणून हुत्या न्हवं, त्यांची नात."

अण्णांचा घास हातात राहिला.

"कुणाची नात?"

प्रणिताला आपली चूक कळली. पण आता उशीर झाला होता. अण्णांनी ताट भिरकावलं. आमटी भिंतीवर फुटली. ते काठी टेकत स्वयंपाकघरात आले. कांताबाई नुकत्याच गोळ्या काढत होत्या.

"त्या कोंडीच्या नातीपुढं जाऊन रडलीस व्हय गं? काय काय सांगितलंस? आं? आनि जैनाच्या घरात जीव मारायच्या गोळ्या आणतीस?"

काठी पहिल्यांदा डब्यावर बसली. गोळ्या चुलीच्या राखेत उडाल्या. दुसरी कांताबाईंच्या मनगटावर बसली, तिसरी खांद्यावर. त्या ओरडल्या नाहीत. त्यांना सवय होती. ओरडलं की जास्त मारतात. त्यांनी डोकं गुडघ्यांत घातलं आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली. दारात प्रणिता तोंडावर हात दाबून उभी होती. बाहेर ट्रॅक्टर चालू झाला. त्या फटफटीत काठीचा आवाज ऐकू येईना, नुसती वरखाली होताना दिसत होती.

दमले तेव्हा अण्णा थांबले. पोटाला हात लावून वाकले, एक ढेकर दिला, आणि सोडा मागितला.

कांताबाईंनी मूठ उघडली. संध्याकाळच्या गोळ्या घामानं विरघळायला लागल्या होत्या. त्यांनी त्या तशाच तोंडात टाकल्या. दिवस मावळायला अजून थोडा वेळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परसातल्या संडासात गेल्या. अण्णा नुकतेच येऊन गेले होते. पाणी त्यांनी कधीच ओतलं नव्हतं, पन्नास वर्षांत एकदाही नाही. ते काम बायकोचं होतं. कांताबाईंनी बादली उचलली आणि त्या थबकल्या. भांड्यात डांबर ओतल्यासारखं काळं पसरलं होतं, चकाकणारं, चिकट. वास कुजक्या रक्ताचा होता. तो वास त्यांना ठाऊक होता, दवाखान्यातल्या त्या माघापासून.

सुजलेल्या मनगटानं त्यांनी एक बादली ओतली. सगळं गेलं नाही. दुसरी ओतली.

मग बाहेर येऊन हात धुतले, आणि भाकऱ्या थापायला बसल्या.

त्या दिवशी त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. अण्णांनी गुडघ्याच्या गोळ्या मागितल्या, त्या त्यांनी दिल्या नाहीत, संपल्या म्हणाल्या. एवढंच केलं. तर अण्णा स्वतः उठून कपाटातून काढून घेऊन आले आणि त्यांच्यासमोर दोन्ही गिळल्या. कांताबाई बघत राहिल्या. दिवसभर त्या नवऱ्याकडे नव्यानंच बघत होत्या. पांढरा पडत चाललेला चेहरा, जिना चढताना लागलेली धाप. आपल्या आत काहीतरी शांत बसलंय आणि वाट बघतंय, असं त्यांना वाटत होतं. त्याची भीतीही वाटत होती. पण त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच काळं होतं, आणि त्यांनी परत दोन बादल्या ओतल्या.

राखेतून वेचलेल्या चांगल्या गोळ्या त्या सकाळी संपल्या, म्हणून दुपारी बाराच्या सुमाराला प्रणिता नव्या आणायला निपाणीला निघाली. अण्णा सोप्यात होते.

"कुठं?"

"आत्यांच्या गोळ्या आणायला."

"काय नको आणायला. बस घरात."

"आणायला पाहिजेत, मामंजी. मधीच सोडल्या तर जंतू मरत न्हाय, उलट बळकट हुतो." प्रणिता पायरी उतरली.

अण्णा उठले. सुनेवर त्यांनी आजवर हात उचलला नव्हता. त्यांनी काठी डोक्याच्या वर नेली. कांताबाई आतून धावत आल्या आणि दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. काठी तशीच वर राहिली. अण्णांचे डोळे मोठे झाले, गालफडं फुगली, आणि तोंडातून रक्ताचा लोट बाहेर आला. कांताबाईंच्या छातीवर, तोंडावर, गरम. काठी खाली पडली. अण्णा गुडघ्यावर आले आणि परत ओकले. या वेळी काळ्या गुठळ्या होत्या, चहाच्या चोथ्यासारखा चुरा होता, आणि मग नुसतं लाल. फरशीवरून ते पायरीपर्यंत वाहत गेलं. प्रणिता किंचाळत होती. कुत्रं साखळी ताणून भुंकत होतं.

कांताबाई उभ्या होत्या. एक श्वास. दुसरा.

अण्णांनी वर बघितलं. ते बायकोच्या लुगड्याचा काठ चाचपत होते.

परसातून ट्रॅक्टर चालू झाल्याचा आवाज आला.

"वृषभ!" कांताबाईंनी अशी हाक मारली की ट्रॅक्टर बंद पडला. "लाज वाटू दे जरा! भाईर पळू नगंस आता. गाडी काढ!"

गाडीत अण्णांचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. हायवेचं काम चालू असल्यानं दर अर्ध्या मैलाला वळवलेला रस्ता, खड्डे, खडीचे ढीग. प्रत्येक धक्क्याला रक्त येई. कांताबाई पदर तोंडाशी धरत, तो भरला की पिळून खिडकीबाहेर झटकत आणि परत धरत. अण्णांनी त्यांचं मनगट पकडलं होतं, काठी बसलेलं. बुडणाऱ्या माणसासारखं पकडलं होतं. दुखून त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं, पण त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

दवाखान्यात नर्सांनी अण्णांचा सदरा कात्रीनं फाडला. दोन्ही हातांना सुया लागल्या. रक्ताची एक पिशवी चढली, दुसरी चढली. मग आतल्या खोलीचं दार लागलं आणि त्याच्यामागून ओकण्याचा, गुदमरल्याचा, "धरा, हात धरा" असा आवाज येत राहिला. तास झाला. कांताबाईंच्या लुगड्यावरचं रक्त वाळून कडक झालं.

सुनयना बाहेर आल्या. "रक्त थांबलंय. नस फुटली हुती व्रणात, तिला चिमटा लावलाय. तो जंतू त्यांच्यातबी हाय. आता चार दिवस हितंच, मग चौदा दिवस गोळ्या."

वृषभ भिंतीला टेकून खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. प्रणिता त्याच्याशेजारी बसली. कांताबाई सुनयनांच्या मागोमाग हात धुवायच्या बेसिनपर्यंत गेल्या.

"बाई, मला काल सकाळीच कळलं हुतं."

"काय?"

"काळं. तू सांगितलंतंस तसंच. मी पाणी वतलं आनि गप बसले. आज सकाळीबी गप बसले."

सुनयनांनी नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं. कांताबाईंच्या मनगटावरची सूज त्यांनी बघितली, मानेजवळचा वळ बघितला.

"मघाशी त्यांना टेबलावर घेतलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांचं तोंड माझ्याकडं हुतं. मला आज्जीची पाठ दिसली. माझा हात थांबला. किती थांबला मला ठावं न्हाय. नर्स म्हणाली, मॅडम. मग मी नळी घातली." त्यांनी नळ बंद केला. "ह्यो हात दाखवा. हाड मोडलंय का बघू."

हाड मोडलं नव्हतं.

अण्णा घरी आले ते खाटेवरच. अंगात रक्त नव्हतं, हात थरथरत, गोळीचं पाकीट फोडता येत नसे. सकाळ-संध्याकाळ कांताबाई गोळ्या काढून तळहातावर देत आणि पाणी धरत. पाणी त्याच गाळत. स्वतःचे चौदा दिवस त्यांनी पुरे केले होते. प्रणितानं आणलेल्या गोळ्या, एकही न चुकवता.

घरी आल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी गोळी तोंडात घेतली आणि पाण्यासकट कांताबाईंच्या तोंडावर थुंकली.

"ईख घालतीस मला! तोंडात कडू जहर हुतंय. मारायला बसलीस व्हय गं, रां..."

कांताबाईंचा हात उठला आणि अण्णांच्या गालावर बसला. आवाज सगळ्या खोलीभर झाला. अण्णांचं डोकं भिंतीवर आपटलं.

अण्णांच्या पांढऱ्या गालावर चार बोटं हळूहळू लाल होत गेली. कांताबाईंचा तळवा पेटल्यासारखा झाला होता. त्यांना वाटलं होतं, कधी असं घडलं तर छाती मोकळी होईल. तसं झालं नाही. म्हाताऱ्या, आजारी माणसाचं हाड गालाखाली किती पातळ लागलं होतं! त्या पदरानं तोंड पुसून बाहेर गेल्या, अंगणात तुळशीपाशी उभ्या राहिल्या. मग त्या परत आत आल्या, दुसरी गोळी काढली आणि तळहातावर धरली.

"घ्या."

"मारलंस मला?" अण्णांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. लहान मुलासारखं.

"व्हय. घ्या गोळी."

त्यांनी घेतली. पाणी प्यायले.

कांताबाई खाटेच्या पायाशी बसल्या. "एक इचारू? माघात खळ्यावर मला लाथ मारलेली ध्यानात हाय? शिंतोडं आलतं. मला पाचवा हुता."

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खोटं बोलत नव्हते. ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. कांताबाईंना ते दिसत होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

"शिंतोडं..." ते म्हणाले. "तंबाखू भिजला हुता, त्ये साल ध्यानात हाय. निम्मा माल काळा पडला." त्यांनी गालाला हात लावला. "तुला मारलं? त्या दिशी? न्हाय आठवत."

"पोरगी हुती," कांताबाई म्हणाल्या.

अण्णांनी डोळे मिटले. झोपले की मिटून घेतले, ते कळलं नाही.

त्या आठवड्यात कांताबाईंच्या ध्यानात आलं की आपलं पोट दुखत नाही. दुपारी उसात खुरपायला बसल्या असताना सवयीनं छातीखाली हात गेला, आणि तिथं काही नव्हतं. त्यांनी दाबून बघितलं. उपाशी राहून बघितलं. हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला, मुद्दाम, नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला, आणि पहाटेपर्यंत कळ येईल म्हणून पडून राहिल्या. आली नाही. महिन्यानं सुनयनांनी परत तपासणी केली. "एकबी जंतू उरला न्हाय, आज्जी," त्या हसून म्हणाल्या. कांताबाईंनी बरं म्हटलं. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मात्र त्या रडल्या. प्रणितानं विचारलं, का?

"ती पोरगी हुती म्हणून मला आत्ता कुठं कळलं," त्या म्हणाल्या. "आनि लगीच तीबी गेली. दुखत हुतं तवर हुती."

त्या संध्याकाळी त्या वृषभला घेऊन बसल्या आणि त्याला सगळं सांगितलं, लाथेपासून काळ्या संडासापर्यंत, स्वतःच्या गप्प बसण्यासकट. वृषभ मान खाली घालून ऐकत होता. एकदा उठायला लागला. "बस," त्या म्हणाल्या. तो बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईची खाट अण्णांच्या खोलीतून काढून पुढच्या खोलीत खिडकीशी टाकली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

भाद्रपदापर्यंत अण्णा काठीशिवाय उभे राहू लागले. त्यांचीही तपासणी चांगली आली. भूक वाढली, आवाज वाढला. हात मात्र त्यांनी पुन्हा उचलला नाही. थकल्यामुळे की कशामुळे, कोण जाणे. पर्युषणाचे दहा दिवस संपले आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, अभिषेक झाला, आणि मग दरवर्षीसारखी माणसं एकमेकांपुढं हात जोडू लागली. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. अण्णांनी अख्ख्या गावाची क्षमा मागितली. भाऊबंदांची, ज्याच्याशी बांधाचा खटला होता त्याची, पोराबाळांचीसुद्धा. घरी येऊन सुनेपुढं हात जोडले, मुलापुढं जोडले. शेवटी पुढच्या खोलीच्या दारात आले. कांताबाई खिडकीशी बसून सुपात जोंधळा निवडत होत्या.

"उत्तम क्षमा," अण्णा म्हणाले.

दरवर्षी यावर कांताबाईही हात जोडून तेच म्हणत. आज त्यांनी सुपातून मान वर केली.

"कशाबद्दल?"

अण्णांना प्रश्न कळला नाही. "वरीसभरात काय चुकलं-माकलं असंल..."

"वरीसभरातलं ऱ्हाऊ द्या. कशाबद्दल त्ये सांगा."

अण्णा दारात उभे होते. बाहेर कुणीतरी क्षमा मागायला आलं होतं आणि सोप्यातून त्यांना हाक मारत होतं. त्यांनी ओ दिली नाही.

कांताबाईंनी सूप एकदा पाखडलं. मग म्हणाल्या, "यंदा न्हाय देत मी," आणि सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

अण्णांनी जोडलेले हात सुटे केले. एक हात चौकटीवर ठेवला, परत काढला. दुसरा सदऱ्याला पुसला. सोप्यातून परत हाक आली, तरी ते तिथंच उभे होते. ते दोन्ही हात आता कुठं ठेवावेत, ते त्यांना कळेना.